पावसाळ्यातले बूट आणि अर्धी वाटी सिरका

गेल्या काही वर्षांत रमजान ईद मार्च-एप्रिलमध्ये येत आहे. ईदला हौसेने घेतलेले चामड्याचे बूट दोन-चार लग्नांत मिरवतात आणि पाऊस सुरू होण्याआधी खोक्यात बंद होऊन पलंगाखाली जातात. जुलैत कुणाचा तरी निकाह ठरतो किंवा मोठ्या मुलाची नोकरीची मुलाखत निघते. खोका उघडावा, तर काळ्या बुटांवर पांढरी-हिरवट बुरशी! गिरगावच्या चाळीत हेच, परळ-लालबागच्या खोल्यांत हेच आणि दादरच्या फ्लॅटमध्येही हेच. ‘गेले बूट!’ म्हणून ते फेकून दिले जातात. खरे तर बहुतेक वेळा ते गेलेले नसतात.

शाळकरी मुलांच्या घरी हा प्रश्न आणखी नाजूक होतो. पावसाळ्यात गैरहजर राहिलेल्या मुलाला कारण विचारले, तर ‘टीचर, बूट ओले होते’ हे उत्तर मला दर वर्षी ऐकायला मिळते. चप्पल घालून आले तर प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांच्या नजरा पायांकडे जातात. बुटांना कुबट वास येत असेल तर बाकावर शेजारी बसणारा नाक दाबतो. मोठ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते. सहावी-सातवीतल्या मुलाला वाटत नाही. आणि जेमतेम पगारात घर चालवणाऱ्या आईबापांना भर जुलैत दुसरा जोड घेणे सोपे नसते. म्हणून आहे तो जोड टिकवणे महत्त्वाचे.

बुरशी का धरते?

चामडे म्हणजे जनावराची कमावलेली कातडी. त्यात प्रथिने असतात, वर पॉलिशचा, तेलाचा आणि आपल्या घामाचा थर असतो. बुरशीला हे सारे खाद्यच. उणीव असते ती ओलाव्याची, आणि तो मुंबईची हवा पुरवते. कुलाब्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवा इतकी दमट असते की कपाटात ठेवलेले, पावसात एकदाही न गेलेले बूटसुद्धा ओलावा धरतात. बंद खोका, प्लास्टिकची पिशवी आणि अंधार मिळाला की बुरशीचे काम झाले.

सिरकाच का?

सिरका, म्हणजे व्हिनेगर, आपल्या घरात नवा नाही. कबाबाबरोबरचा कांदा त्यात मुरतो, लोणच्यात तो पडतो, आणि हदीसमध्येही उत्तम सालन म्हणून त्याचा उल्लेख आहे. बुटांसाठी मात्र किराणा दुकानात मिळणारा पांढरा, पाण्यासारखा सिरकाच घ्यावा. त्यात साधारण ४ टक्के अॅसेटिक आम्ल असते. उसाचा किंवा जांभळाचा सिरका खाण्यासाठी उत्तम, पण त्याच्या रंगाचे डाग बुटांवर पडतील.

कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. कपड्याचा साबण, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा हे सारे त्याच्या उलट, क्षारधर्मी. त्यांनी बूट स्वच्छ दिसतात, पण चामडे कोरडे पडते आणि पुढे त्याला चिरा जातात. सौम्य केलेला सिरका चामड्याच्या स्वभावाशी जुळतो, बऱ्याच प्रकारच्या बुरशीला आवर घालतो आणि कुबट वासही घालवतो. चौपाटीवर फिरून आल्यावर समुद्राच्या पाण्याचे जे पांढरे, खारट डाग बुटांवर उमटतात, तेही त्याने निघतात.

कृती

१. बूट खिडकीत किंवा गॅलरीत न्या. नाड्या आणि आतला सुखतळा काढा. नाकातोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने बुरशी झाडा. घरात झाडू नका. ती हवेत उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर तेही पाहा.

२. अर्धी वाटी सिरका आणि अर्धी वाटी पाणी एकत्र करा. आधी बुटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून रंग जातो का ते पाहा.

३. जुन्या बनियनचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळा आणि बूट पुसा. शिवणी, जिभेखालची जागा आणि आतले अस्तर विसरू नका. बूट भिजवायचा नाही, फक्त पुसायचा.

४. दहा मिनिटांनी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. सिरक्याचा वास सुकल्यावर जातो.

५. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि बूट पंख्याखाली ठेवा. बोळे दोन-तीन तासांनी बदला. घाई म्हणून गॅसजवळ किंवा तव्यावर वाळवणारे पुष्कळ आहेत. त्याने चामडे आखडते आणि सोलचा डिंक सुटतो.

६. पूर्ण सुकल्यावरच पॉलिश करा. त्यातले मेण पाणी थोडे अडवते आणि चामड्याला मऊ ठेवते. ओल्या बुटावर पॉलिश केले तर ओल आतच कोंडते आणि आठवड्यात बुरशी परत येते.

शाळेचे पुष्कळसे बूट आता चामड्याचे नसून रेक्झिनचे असतात. कापलेली कड पाहा: चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनच्या पातळ थराखाली कापड दिसते. रेक्झिनलाही हीच कृती चालते.

कुठे जपायचे?

कोल्हापुरी चपलेला सिरका लावू नका. ती बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते. त्यांतल्या द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून शाईदेखील करत. सिरका कुठल्या खिळ्याला लागून तिथला गंज चामड्यात उतरला, तर काळा डाग कायमचा बसतो. कोल्हापुरी नुसती ब्रशने झाडावी, सावलीत वाळवावी आणि पावसात काढूच नये.

खोबरेल तेल लावण्याचा सल्लाही घरोघरी मिळतो. जास्त तेलाने चामडे काळवंडते आणि त्यावर धूळ चिकटते. दावतीत बुटावर तेल-तूप सांडले, तर सिरका न लावता त्यावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ रात्रभर टाकून ठेवा आणि सकाळी झाडा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सिरका आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या छोट्या मोऱ्यांत तो जिवावर बेतू शकतो.

तुंबलेल्या पाण्यातून आलेले बूट

हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचते, तेव्हा बुटांपेक्षा पायांची काळजी आधी करावी. त्या पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम किंवा भेग असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे. घरी येताच पाय साबणाने धुवा. अशा पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ताप येण्याची वाट पाहू नका.

या घाणीवर सिरका पुरेसा नाही. इथे सौम्य साबणाच्या पाण्याने बूट आतून-बाहेरून पुसावेच लागतात, चामडे थोडे कोरडे पडले तरी. हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी. मग तीन-चार दिवस पंख्याखाली अगदी कोरडे होऊ द्या. लेप्टोचे जंतू कोरडेपणात तग धरत नाहीत. सिरक्याचा हात त्यानंतर, बुरशी आणि वासासाठी.

पुन्हा होऊ नये म्हणून

सिरक्याने आजची बुरशी जाते. उद्याची अडवायची तर हवा हवी. बूट खोक्यात न ठेवता उघड्या मांडणीवर ठेवा. आत वर्तमानपत्र भरा आणि दर आठवड्याला बदला. नव्या पर्सच्या किंवा औषधाच्या डबीतल्या ‘सिलिका जेल’च्या पुड्या बुटात टाका, पण लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पंधरा दिवसांतून एकदा बूट बाहेर काढून पंख्याचा वारा द्या.

शिवण उसवली किंवा सोल सुटला तर मात्र घरी डिंक चोपडत बसू नका. नाक्यावरचा मोची ते काम आपल्यापेक्षा चांगले आणि नव्या जोडाच्या मानाने फार थोड्या पैशांत करतो. पावसात त्याचाही धंदा मंदावलेला असतो.

हे काम मुलांकडूनच करून घ्यावे, मुलगा असो वा मुलगी. रविवारी अर्धा तास पुरतो. स्वतः पुसलेले बूट मूल डबक्यात घालत नाही, आणि सोमवारी रांगेत उभे राहताना त्याला पाय लपवावे लागत नाहीत.