सूज दिसते सारखी, औषधं मात्र निराळी!

मुलांनो, खो-खो खेळताना पाय मुरगळला की घोटा टम्म सुजतो. कधी अंगावर पित्त उठतं, तेव्हा लाल गांधी येतात, ओठही सुजतो. मग दोन्हींवर एकच गोळी का नाही चालत?

त्याचं असं आहे. आपल्या काही पेशींमध्ये ‘हिस्टामिन’ नावाचं रसायन आधीच भरून ठेवलेलं असतं. धूळ, परागकण किंवा एखादा खाद्यपदार्थ काहींच्या शरीराला शत्रू वाटतो. की लगेच हिस्टामिन बाहेर पडतं! खाज, शिंका, नाक गळणं, गांधी ही सारी त्याचीच करामत. सेट्रिझिनसारखं औषध हिस्टामिनला नष्ट करत नाही बरं का! संगीत खुर्चीत जसं आपण आधीच खुर्ची पटकावतो, तसं ते हिस्टामिनची जागा अडवून बसतं. असं पहिलं औषध १९३७ साली डॅनियल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मुरगळलेल्या पायाची गोष्ट वेगळी. इथे ‘प्रोस्टाग्लँडिन’ ही रसायनं मार लागल्यावर जागच्या जागी तयार होतात आणि ठणका, सूज वाढवतात. आयबुप्रोफेन त्यांचा कारखानाच मंद करतं. अॅस्पिरिन १८९७ साली तयार झालं, पण ते असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ साली!

मात्र हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षणही करतात. म्हणून अशा गोळ्यांनी पोटात जळजळ होऊ शकते. अॅलर्जीच्या गोळ्यांनी, विशेषतः जुन्या प्रकारच्या, झोप येते.

आता पालकांसाठी दोन शब्द. ‘मागच्या वेळी हीच गोळी दिली होती’ म्हणून डब्यातली गोळी मुलाला देऊ नका. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असला, तर आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांना तर अॅस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नको.

आणि मुलांनो, गांधी उठून श्वास लागला, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा चक्कर आली, तर लगेच मोठ्यांना सांगा. अशा वेळी अॅलर्जीची गोळी पुरेशी नसते. तडक दवाखानाच गाठायला हवा!