‘पित्त झालंय’ म्हणता, पण कुठलं?

‘कालपासून जरा पित्त झालंय बाई!’ नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही घरात हे वाक्य ऐकू येते. मग सोडा, नाहीतर आमसुलाचे सार. पण मैत्रिणींनो, ती जळजळ पोटातल्या आम्लाची. खरे पित्त यकृतात तयार होते (मटण खाणाऱ्या घरांत ज्याला कलेजी म्हणतात, तेच!) आणि त्याखालच्या लहानशा पिशवीत, पित्ताशयात, दाट होऊन साठते. त्याचेच खडे होतात. ते बायकांत अधिक. बाळंतपणे, गर्भनिरोधक गोळ्या, वाढते वजन ही कारणे. महिन्यात दहा किलो उतरवायचे म्हणून उपाशी राहणाऱ्यांनाही होतात, कारण पिशवी रिकामीच होत नाही.

खड्यांमुळे यकृत खराब होईल का, ही सगळ्यांची भीती. सहसा नाही. उलटेच अधिक खरे. दारूने, बी किंवा सी प्रकारच्या काविळीने, नाहीतर चरबीने यकृत कडक झाले, ज्याला सिरोसिस म्हणतात, की खडे होण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते. पाणथरी वाढते, रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांचा रंग पित्तात उतरतो आणि काळे खडे बनतात.

म्हणून सोनोग्राफीचा कागद नीट वाचा. खड्यांच्या वरच्या ओळीत बऱ्याचदा ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेले असते. घरची सगळी मंडळी खडा किती मिलिमीटरचा यावरच बोलत बसतात! ती वरची ओळ डॉक्टरांना विचारा, साखर तपासून घ्या.

एक अपवाद मात्र मोठा आहे. खडा घसरून मुख्य नळीत अडकला तर डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी, शौच पांढरट, अंगाला खाज. हुडहुडी भरून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे, लातूरची विलासराव देशमुख संस्था आहे. आपल्याकडे अशा वेळी काविळीची माळ घालतात, नाकात थेंब सोडतात, आणि आठवडा जातो. नळी महिनोन्‌महिने तुंबली, तर मात्र खड्यानेही यकृत कडक होते.

दुखत नसलेले खडे बहुधा तसेच ठेवतात. दुखत असतील तर पिशवी काढतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम दुर्बिणीने केली. आता ती जिल्ह्याच्या गावीही होते. मात्र यजमानांचे यकृत दारूने कडक झालेले असेल आणि खडा सहज सापडला असेल, तर ‘काढूनच टाका’ अशी घाई करू नका. अशा माणसाला रक्तस्राव फार होऊ शकतो. यकृताचा आजार सर्जनपासून लपवूही नका, लाज वाटली तरी.

आणि ऑपरेशननंतर ‘आता तूप कायमचं बंद’ असे सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना सांगा: यकृत पित्त करीतच राहते, फक्त ते थेट आतड्यात उतरते. काही आठवडे बेताने खाल्ले, की ज्वारीच्या भाकरीवर चमचाभर तूप बहुतेकींना चालते.