पोटात गोळा येतो तेव्हा...

रिलीजची तारीख जवळ आली की आमच्या घरी अँटासिडची बाटली टेबलावर येते. आम्ही दोघेही आयटीतले. साडेनऊला जेवण, दहाला भारतातल्या टीमबरोबर कॉल आणि मग थेट अंथरूण! आपल्यापैकी बऱ्याच घरांत हेच चालत असेल.

मेंदू आणि पचनसंस्था व्हेगस मज्जातंतूने जोडलेली आहे. ताण आला की जठर हळू रिकामे होते, मोठे आतडे मात्र घाई करते. म्हणून वर जडपणा आणि खाली धावपळ.

आम्हाला उपयोगी पडलेले उपाय:

१. जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर. आता आम्ही कॉलच्या आधी, सातलाच जेवतो.

२. जेवताना लॅपटॉप बंद. आधी ५ मिनिटे पोटाने संथ श्वसन.

३. रोज १ चमचा इसबगोल, ग्लासभर पाण्यातून. यातले विरघळणारे तंतू बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींत मदत करतात.

४. पोटात मुरडा येत असेल तर पुदिना. छातीत जळजळ असेल तर मात्र टाळा, ती वाढू शकते.

५. दुपारनंतर कॉफीऐवजी जिरे घातलेले ताक.

एक चूक सांगतो. "ताणच आहे" म्हणत आम्ही तीन महिने दुखणे अंगावर काढले. तपासणीत जंतूमुळे झालेला अल्सर निघाला आणि अँटिबायोटिक्सनी बरा झाला. तेव्हा शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणे किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर ताक बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा!