अनेक कान, एक आवाज

मंडळी, गेल्या वेळी शेवटच्या रांगेतून एका ताईंनी प्रश्न विचारला आणि मी भलतंच उत्तर दिलं. तुम्ही हसला नाहीत, हे तुमचं सौजन्य. माझं श्रवणयंत्र माझ्या कानाशी, ताई वीस मीटरवर. मधे पंखे आणि कुजबुज. माइक हवा ताईंजवळ. आणि तो तिथं आहेच की, शेजाऱ्यांच्या खिशातल्या फोनमध्ये! हे सगळे माइक बिनतारी जोडले तर?

आता बघा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. ताईंचा आवाज प्रत्येक माइकवर वेगळ्या वेळी पोचतो. तो उशीर भरून काढून सगळ्यांची बेरीज केली, की आवाज आवाजावर बसतो. गोंगाट मात्र एकमेकांशी जुळत नाही. दहा माइकवर आवाज सारखा आणि गोंगाट स्वतंत्र असेल, तर गोंगाटाच्या तुलनेत आवाजाची शक्ती दहापट होते. हेच बीमफॉर्मिंग.

पण सगळं एका केंद्राकडे पाठवायचं तर बॅटरी संपते. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या अलेक्झांडर बर्ट्रांड आणि मार्क मोनेन यांनी २०१० साली ‘डान्स’ ही पद्धत मांडली. बोलणारा एकच असेल, तर प्रत्येक उपकरण आपल्या सगळ्या माइकचं मिळून एकच सार इतरांना देतं, त्यांचं घेतं आणि स्वतःला सुधारत जातं. सगळे एकमेकांशी जोडलेले असले, तर शेवटी प्रत्येकाला केंद्राइतकंच चांगलं ऐकू येतं. केंद्राशिवाय!

घड्याळं मात्र जुळवावी लागतात. दहा लाखांत शंभराचा फरक असला, तरी सेकंदाला १६,००० नमुने घेताना दर सेकंदाला १.६ नमुन्यांची चूक साचत जाते.

आता माझ्या विषयाकडे येतो. गोंगाट म्हणजे काय, हे यंत्राला कसं कळतं? बऱ्याच पद्धतींत ताई थांबल्या की जे उरतं, ते गोंगाट म्हणून मोजलं जातं. म्हणजे त्याच वेळी कोपऱ्यात कुणी दुसरं काही विचारत असेल, तर तो माणूसही गोंगाटात जमा! गणित चूक नाही. पण कुणाचा आवाज राखायचा, हे गणित ठरवत नाही. ते आपणच ठरवतो, बहुतेकदा न सांगता.

ताई आज आल्या असतील, तर कृपया पुढे येऊन बसा. तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा आहे.