बंदर वाढते आहे. वऱ्हाडच्या कास्तकाराला त्याचे काय?



समुद्र आपल्यापासून लांब आहे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढे, आणि बडनेऱ्याहून साडेसहाशेच्या पुढे पडते. त्यामुळे बंदराचा विषय निघाला की "आपल्याले काय करायचं त्या बंदराचं?" असे कोणी तरी म्हणणारच. तरी या अंकात आम्ही हाच विषय घेतला आहे. न्हावा-शेव्याचे बंदर नुकतेच मोठे झाले, पालघर जिल्ह्यात वाढवण येथे त्याहून कितीतरी मोठे बंदर होऊ घातले आहे, आणि साखर परदेशी जायची असो की पोटॅश आपल्या वावरात यायचे असो, दोन्हींची वाट बंदरातूनच जाते.

खरे पाहता वऱ्हाडाला बंदर नवे नाही. आपल्याकडे ऊस आला तो अलीकडे. त्याआधी सारे पऱ्हाटीचे राज्य होते, आणि ती पऱ्हाटी बंदराच्याच जोरावर वाढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली आगगाडी भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आले आणि त्यांनी तेथील रेल्वेचा फाटा व कापसाचा बाजार यांचे उद्घाटन केले. एका कापसाच्या बाजारासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या मालाची किंमत काय असेल ते ओळखावे. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला अरुंद गाडीचे रूळ टाकले गेले, तीच आपली शकुंतला. ती माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी काढली होती. मुंबईत १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला, १८७५ मध्ये ससून गोदी आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी झाली. लोकल गाडीच्या एका स्टेशनाचे नाव आजही कॉटन ग्रीन आहे. त्या नावात आपल्या आजा-पणजाच्या बंडीतला कापूसही आहे.

मात्र त्या काळी गोदी बांधली कोणी, रूळ टाकले कोणी आणि नफा गेला कोठे, हेही विसरून चालणार नाही. बंदर मोठे झाले म्हणून कापूस पिकवणारा मोठा झाला, असे काही घडले नाही. हा हिशेब डोक्यात ठेवूनच आजच्या बंदराकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई बंदराची कोंडी होऊ लागली. शहर तिन्ही बाजूंनी अंगावर आलेले, रस्ते अरुंद, आणि बोटी गोदीबाहेर नांगर टाकून दिवसेंदिवस उभ्या. म्हणून खाडीच्या पलीकडे, उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे नवे बंदर बांधले गेले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. जवाहरलाल नेहरू बंदर ते हेच.

पण हे बंदर भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे राहिले आहे, आणि शेतकरी सभासदांनी ही गोष्ट माहीत करून घेतली पाहिजे. नवी मुंबई आणि बंदरासाठी तिकडच्या कास्तकारांच्या जमिनी सरकारने घेतल्या, तेव्हा मिळणारा मोबदला नगण्य होता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच जमीन गेलेल्याला साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. पुढे देशभर जमीन संपादनाची चर्चा निघाली की या साडेबारा टक्क्यांचा दाखला दिला जाऊ लागला. तत्त्व मान्य झाले खरे, पण न्हावा-शेवा बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातात भूखंडाची पत्रे पडायला ऑगस्ट २०१४ उजाडला. गोळीबारानंतर तीस वर्षे! ज्यांनी जमीन दिली त्यांतले किती जण तोवर हयात राहिले असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता बंदराच्या कामाकडे वळू. पूर्वी साखर पोत्यांनी बोटीत चढत असे. हमाल पोती दोरीच्या जाळ्यात रचत, क्रेन ती जाळी उचलून बोटीच्या पोटात सोडी. पाऊस आला की काम बंद, साखर भिजली की नुकसान. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ पेट्या एका बोटीवर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, आणि तेथून सगळे जगच बदलले. हीच कंटेनरची पेटी. कारखान्याच्या गोदामात पन्नास किलोची पोती पेटीत भरली, कुलूप लावून सील केले, की ती पेटी परदेशातल्या व्यापाऱ्याच्या दारातच उघडते. वीस फुटी पेटीत साधारण पंचवीस-सव्वीस टन साखर बसते. बंदराचे मोजमाप आता याच वीस फुटी पेट्यांवर होते.

न्हावा-शेव्याने हा बदल लवकर ओळखला. तेथे देशातला पहिला खासगी कंटेनर धक्का १९९९ च्या सुमारास सुरू झाला. पुढे सुट्या मालासाठी बांधलेला धक्काही काढून २००६ मध्ये तेथे कंटेनरचाच धक्का चालू झाला. समुद्राचा तळ उकरून बोटींची वाट खोल केली गेली. सिंगापूरच्या कंपनीने बांधलेल्या चौथ्या धक्क्याचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला, आणि दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन ४ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. या एकाच धक्क्याची लांबी आता दोन किलोमीटर आहे आणि वर्षाला ४८ लाख पेट्या हाताळण्याची त्याची ताकद आहे. २०२४-२५ या वर्षात सबंध बंदराने सुमारे ७३ लाख पेट्या हाताळल्या. हे सगळे आकडे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटतात, पण एका गोष्टीवरून त्यांचा अर्थ कळेल. बंदरात जागा असली तर पेटी आल्या दिवशी आत जाते. जागा नसली तर ती रस्त्यावर उभी राहते, ट्रकवाला खोटीचे पैसे मागतो, बोट निघून जाते आणि व्यापारी करार मोडतो. हा खर्च शेवटी साखरेच्या भावातून वळता होतो.

वाढवणची गोष्ट आणखी मोठी. डहाणूजवळ समुद्र नैसर्गिकरीत्याच सुमारे वीस मीटर खोल आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या, चोवीस हजार पेट्यांच्या बोटी आज आपल्या न्हावा-शेव्यात पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत. आपला बराच माल आधी छोट्या बोटीने कोलंबो किंवा सिंगापूरला जातो आणि तेथे मोठ्या बोटीवर चढतो. ही दुहेरी हमाली टाळावी हा वाढवणचा मुख्य हेतू. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या योजनेस मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. भांडवलात न्हावा-शेवा बंदराचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. एक-एक किलोमीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बंधारा, आणि समुद्रात भर टाकून तयार करायची १,४४८ हेक्टर जमीन, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त. पूर्ण झाल्यावर वर्षाला २ कोटी ३२ लाख पेट्या. न्हावा-शेव्याने २०२४-२५ मध्ये केलेल्या कामाच्या तिपटीहून जास्त!

तेथेही लोकांचा विरोध आहे, आणि तो आजचा नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कित्येक वर्षे आपल्या विदर्भाचे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. त्यांच्या काळात, १९९८ मध्ये, वाढवणच्या बंदराला या प्राधिकरणाने नकार दिला होता. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. कोळी बांधवांचे म्हणणे सरळ आहे: जेथे भर घालणार तेथेच आमची मासळी अंडी घालते, तुम्ही जमिनीचा मोबदला मोजाल पण समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर दाखवाल? या प्रश्नाला अजून कोणी समाधानकारक उत्तर दिलेले आमच्या वाचनात नाही. उरणला जे तीस वर्षे चालले तेच डहाणूला व्हावे, असे कोणत्याही कास्तकाराला वाटणार नाही.

आता आपला हिशेब. दहा टक्के उतारा धरला तर एक टन उसाची एक क्विंटल साखर होते. म्हणजे साखरेच्या क्विंटलमागे जेवढे रुपये वाहतुकीत वाचतील, तेवढेच रुपये उसाच्या टनामागे हाती राहतात. क्विंटलमागे पन्नास वाचले तर टनामागे पन्नास. हिशेब इतका सोपा आहे. अडचण अशी की कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्याला जयगड किंवा न्हावा-शेवा जवळ, आणि आपण सगळ्यांच्या मागे. बंदरातले दर सर्वांना सारखेच कमी होतील, पण मधले सहाशे किलोमीटर आपल्याच माथी राहतील. दादरी ते न्हावा-शेवा या १,५०६ किलोमीटरच्या मालगाडी मार्गाचे फार कौतुक होते. पण तो गुजरात-राजस्थानातून जातो. भुसावळवरून जाणाऱ्या आपल्या मालाला त्याचा सरळ लाभ नाही, हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

रस्त्याचे मात्र काही जमले आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. अकोलेकरांना मात्र वाशिम जिल्ह्यात जाऊन त्याला लागावे लागते, आणि टोल काही थोडाथोडका नाही. याच रस्त्यावरील भरवीरपासून वाढवणच्या बाजूला तवा येथपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा नवा मार्ग करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. वाढवणचा पहिला टप्पा २०३० च्या सुमारास पुरा करण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर हा रस्ता झाला तर आपला ट्रक मुंबईच्या गर्दीत न शिरता परस्पर बंदरावर जाईल. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला तर याची फारच गरज आहे. बांगलादेशाने आयात कर वाढवत नेल्यापासून संत्रेवाला दुसरी गिऱ्हाइके शोधतो आहे, आणि थंड पेटीतून आखाताकडे जाणाऱ्या फळाला वाटेत एकेक तास महत्त्वाचा असतो.

तरी बंदर कितीही मोठे असले, तरी साखरेच्या दाराची किल्ली बंदराकडे नाही, ती दिल्लीकडे आहे. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले. पुढच्या हंगामात साठ लाख टनांच्या आसपास कोटा मिळाला, २०२३-२४ मध्ये दार बंदच. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टन, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी १५ लाख टन. शिवाय दार दोन्हीकडे उघडते. १९८४ ते १९८६ मध्ये आणि २००९-१० मध्ये याच बंदरांतून बाहेरची साखर आत आली होती. आणि समुद्रावर काय होईल याचाही नेम नसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, भाडी वाढली आणि पेट्यांचीही टंचाई झाली.

मग लांबच्या कारखान्याने काय करावे? यावर एक चांगला मार्ग सरकारी आदेशातच आहे, आणि सभासदांना तो फारसा ठाऊक नाही. निर्यातीचा कोटा प्रत्येक कारखान्याला वाटून दिला जातो, पण तो स्वतःच बंदरावर नेला पाहिजे असे नाही. बंदराजवळच्या कारखान्याशी त्याची देशांतर्गत विक्रीच्या कोट्याबरोबर अदलाबदल करता येते. त्याने आपल्या वाटची साखर परदेशी पाठवावी, आपण त्याच्या वाटची साखर इकडे जवळच्या बाजारात विकावी, आणि त्याबद्दल त्याच्याकडून क्विंटलमागे ठरेल ती रक्कम घ्यावी. उत्तर प्रदेशच्या कारखान्यांनी महाराष्ट्रातल्या कारखान्यांशी असे व्यवहार केले आहेत. ट्रक न हलवता बंदराचा लाभ मिळवायचा हा मार्ग आहे. पण अशा व्यवहाराला मुदत असते, आणि परदेशातला भाव चढा असेल तेव्हाच कोट्याला चांगली किंमत येते. उशीर झाला की तोच कोटा कवडीमोल होतो.

म्हणून आमची सूचना अशी की, वार्षिक अहवालात निर्यात कोट्याचे वेगळे कलम असावे: कोटा किती मिळाला, स्वतः किती पाठवला, अदलाबदल किती, कोणत्या तारखेला आणि क्विंटलमागे काय मिळाले. खताच्या बाबतीतही असेच. आपल्या देशात लागणारे सगळे पोटॅश बोटीने येते, आणि अकोला-बडनेऱ्याला रेक लागेपर्यंत हंगाम निघून जातो अशी तक्रार दर वर्षी कानावर येते. लागणीच्या आधी दोन महिने मागणी एकत्र करून नोंदवली तर निदान रांगेत नंबर तरी लागेल. ही दोन्ही कामे करायला वाढवण पुरे होण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबत प्रश्न लेखी पाठवण्याचा कागद येईल, त्यावर हे दोन प्रश्न सभासदांनी जरूर लिहावेत.