काडतूस घरी भरावे काय?

बंदुकीचा नेम धरणे ही विद्या पूर्वी शिपायाची किंवा शिकाऱ्याची समजली जाई. आता ती खेळांत गणली जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिक येथे रायफलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून आपल्या घरांतूनही ह्या खेळाचे नाव आदराने निघू लागले आहे. ही गोष्ट आनंदाचीच होय. चित्ताची एकाग्रता, श्वासाचे नियमन आणि शरीराचे स्थैर्य ह्यांचा अभ्यास ज्या खेळात घडतो, तो मुलामुलींनी शिकू नये असे कोण म्हणेल?

तथापि ह्या आवडीबरोबर एक परदेशी कल्पनाही घरात शिरू पाहत आहे, आणि तिचा विचार वडीलमंडळींनी वेळीच करणे अगत्याचे आहे. उडालेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरावी, त्यासाठी लागणारे सामान आरंभीच विकत आणावे, म्हणजे पुढे पुष्कळ पैसा वाचतो, अशी ती कल्पना. आमच्या भिवंडीतील दोघा-तिघा तरुणांनी ह्याविषयी आम्हांस विचारले, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. पूर्वीचे काडतूस कागदाचे असे. ते दातांनी फोडून आतील दारू नळीत ओतावी लागे. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून शिपायांत क्षोभ उसळला, ती ह्याच जातीची. हल्लीच्या काडतुसाची अंगे चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली केप, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोडा दाबताच टोचणी केपेवर आपटते, केप पेट घेते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे लोटतो. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची ही युक्ती अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटलंडातील एका पाद्र्याने शोधली व १८०७ साली तिचे पेटंट घेतले.

ह्या चार अंगांपैकी पितळेची पुंगळी तेवढी मागे उरते, आणि तीच सर्वांत महाग असते. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत हौशी लोक ती पुन्हा वापरतात. त्यासाठी दाबयंत्र, पुंगळी पूर्ववत् मापात आणण्याचे साचे, सूक्ष्म तराजू आणि दारूच्या प्रमाणांचे पुस्तक एवढे सामान लागते. दारू तोलावयाची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, अर्थात् सोनाराच्या एका गुंजेच्या निम्म्याच्या जवळपास. दिसण्यात सारख्या असणाऱ्या दोन दारूंचा जोर अगदी भिन्न असू शकतो. एकीच्या जागी दुसरी पडली किंवा तोलात थोडी चूक झाली, तर नळी फुटून बंदूक धरणाऱ्याचे डोळे व हात जायबंदी होतात. तिकडचे जाणते लोकही हे काम गप्पा मारीत करीत नाहीत.

आता आपल्याकडे हे करावे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे तीन.

पहिले कारण कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई केली आहे. बंदूक व काडतुसे बाळगण्याचा परवाना निराळा आणि ती तयार करण्याचा निराळा. पहिल्यावरून दुसरा अधिकार मिळत नाही. शिवाय ह्या अधिनियमाने ‘दारूगोळा’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्री ह्यांचाही समावेश होतो. म्हणजे दाबयंत्र परदेशाहून टपालाने मागविणे हेही निर्दोष राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. चार पैसे वाचविण्याच्या हौसेपायी एवढी आपत्ती कोणत्या शहाण्या गृहस्थाने ओढवून घ्यावी?

दुसरे कारण घराचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या बंदोबस्ताचे जे नियम आहेत, त्यांत दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, तेथे ओल पोहोचू नये, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हात द्यावी, पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणास आत जाऊ देऊ नये, असे बजावले आहे. जेथे किल्लेदार व पहारेकरी होते तेथे ही सावधगिरी. मग जेथे देवघरात निरांजन तेवते, स्वयंपाकघरात चूल पेटलेली असते आणि नातवंडे प्रत्येक कपाट उघडून पाहतात, तेथे काय म्हणावे? आमच्या गावात यंत्रमाग आणि गोदामे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. येथे आग एका घरापुरती राहत नाही. काडतुसे करण्याचे स्थान म्हणजे १८६९ सालापासून चालत आलेला खडकीचा कारखाना. आपली माडी नव्हे.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवशिक्याला ह्या सामानाची मुळी गरजच नाही. खेळाचा आरंभ होतो तो दहा मीटरच्या हवेच्या बंदुकीने. तीत दारू नाही, केप नाही, पुंगळी नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर सुमारे अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा उडतो. तेथील लक्ष्याचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अभिनव बिंद्रा ह्यांनी ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले ते ह्याच बंदुकीने, दारूचा एक कणही न जाळता. पुढची पायरी पॉइंट टू-टू रायफलची; सावंत व कुसाळे ह्यांचे यश त्याच रायफलचे. तिच्या काडतुसाला वेगळी केप नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि आघाताने ती कड चेपते. म्हणून ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसते. पुन्हा भरता येतात ती प्रामुख्याने मोठ्या रायफलींची काडतुसे, आणि शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे.

मग आरंभी घ्यावे तरी काय? सर्वांत आधी गुरू करावा आणि सामान मागाहून घ्यावे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे आणि पुण्याजवळ बालेवाडीला क्रीडासंकुलातील नेमबाजीचे मैदान आहे. महाविद्यालयातील मुलामुलींना एन.सी.सी.तही टू-टू रायफल हाताळावयास मिळते. पहिले काही महिने संस्थेचीच बंदूक वापरावी. स्वतःच्या पैशाने घ्यावयाचे ते डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, चपट्या तोंडाचे चांगले छर्रे आणि कागदी लक्ष्ये. छर्रे शिशाचे असल्यामुळे सरावानंतर हात साबणाने धुतल्यावाचून अन्नास शिवू नये. जाड अंगरखा आणि हातमोजा गुरूने सांगितल्यावर घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलाला तो वर्षभरात अपुरा पडतो.

हवेची बंदूक पॉइंट वन सेव्हन सेव्हन मापाहून मोठी नसेल व तिची शक्ती वीस जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. टू-टूसाठी मात्र तो लागतोच, आणि भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्यामुळे आमच्या गावकऱ्यांनी अर्ज तेथे करावयाचा. साधारणतः एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना मिळत नाही. त्याहून लहानांना शिक्षणापुरती नियमबद्ध सवलत आहे. काडतुसे किती घेता येतील तेही परवान्यावर नमूद असते. ती परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, कुलपात ठेवावी, आणि किल्ली घरातील एकाच जबाबदार माणसाजवळ असावी.

मुलाच्या उत्साहावर पाणी ओतावे असा आमचा हेतू नाही. त्याने दाबयंत्राचा हट्ट धरला तर त्याला रागे न भरता एकदा मैदानावर न्यावे. तेथे त्याला दिसेल की उत्तम नेमबाजाचा बहुतेक वेळ बंदूक खांद्याशी धरून निश्चल उभे राहण्यात जातो, आणि ते निश्चल राहणे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. त्याचा सराव मात्र आजपासून, घरच्या अंगणातसुद्धा, करता येतो.