टीव्ही ३२ इंची की ४३?

मंडळी, स्वस्तातला टीव्ही घेताना आम्ही इंजिनिअर लोक आधी आकडे बघतो. ३२ इंची एचडी रेडीत साधारण साडेदहा लाख ठिपके, ४३ इंची फोर-केमध्ये जवळपास ८३ लाख. पण खरा प्रश्न, बघणार कोण?

भारतातून आलेल्या आईबाबांना छोट्या खोलीत, सहा फुटांवरून मालिका बघायला ३२ पुरतो. दहाजण क्रिकेट बघणार असतील तर ४३ घ्या. कडेला बसूनही चित्र फिकं दिसत नाही ना, हे दुकानातच तपासा. सेअरव्ह्यूची खूण असली की अँटेनावर आरटीई फुकट दिसतं. लायसन्स मात्र घरटी एकच, वर्षाला १६० युरो, संच कितीही असोत.

थोडक्यात काय, गरजेपुरता घ्या. वाचलेले युरो मदतपेटीत टाकायला आहेतच!